नावेचं दावं

बैल विकत घ्यायचा तर दात बघावेत, खूर बघावेत, खांद्यावर हात दाबून कातडी थरथरते का ते बघावं. हे मला वडिलांनी शिकवलं. नाव विकत घेताना काय बघावं हे सांगणारं आमच्या घरात कोणीच नव्हतं. आम्ही तापीकाठचे गुजर. कापूस, केळी, ऊस आणि गुरं यांच्यापलीकडे आम्हाला फारसं काही कळत नव्हतं. नदी मळ्याच्या बांधाला लागून वाहायची, पण ती मोटेपुरती आणि म्हशी धुण्यापुरती आमची.

तरी अठ्ठावन्न साली मी नाव घेतली. कोकिळासाठी घेतली.

कोकिळा माझी एकुलती एक मुलगी. तिला नदीच्या पलीकडे, उत्तर काठावर दिलेली होती. आमच्या घराच्या धाब्यावर, मातीच्या गच्चीवर, उभं राहिलं की तिच्या चुलीचा धूर दिसायचा. उन्हाळ्यात मांडीभर पाण्यातून चालत तिच्या घरी जाता येई. पण आदल्या वर्षी तिला कळा लागल्या त्या श्रावणात, नदी दुथडी भरलेली असताना. सरकारी दवाखाना नंदुरबारला, म्हणजे आमच्या काठाला. मी दिवसभर अलीकडे उभा होतो. पलीकडे तिच्या दारात बायकांची ये-जा दिसत होती, आवाज मात्र पाण्याचाच येत होता. मूल गेलं. कोकिळा कशीबशी वाचली. पुढच्या खेपेला डॉक्टरचा हात लागला नाही तर पोरीची आशा धरू नका, असं तिथल्या सुइणीने स्पष्ट सांगितलं.

आता तिला पुन्हा दिवस गेले होते. सासू कंबर मोडून अंथरुणावर पडलेली, पेरणीचे दिवस पुढे, म्हणून सासरचे म्हणाले, राखीपर्यंत सोडता येणार नाही. राखीला तापी काय करते ते मला ठाऊक होतं.

नदीच्या वळणाच्या वर, आमच्याच काठाला, कोसाभरावर भोयांचा घाट होता. तिथे बाभळीखाली एक नाव उपडी पडली होती. उखा भोयाची. दोन पावसाळ्यांपूर्वी उखा पुरात माणसं उतरवायला गेला तो आलाच नाही. नाव तेवढी सकाळी घाटाला मिळाली, खुंट्याला नीट बांधलेली. प्रेत सापडलं नाही. वर्षभर वाट बघून जातीच्या लोकांनी त्याच्या बायकोला बांगड्या फोडायला लावल्या.

त्या बाईचं नाव दगूबाई. मी गेलो तेव्हा ती अंगण सारवत होती. सौदा लवकर ठरला. तिला नाव डोळ्यांपुढून हलायला हवी होती असं मला वाटलं.

आमच्या घरात बैल आणला की त्याचं जुनं दावं मूळ मालकाला परत द्यायची रीत आहे. सोबत नारळ आणि ओंजळभर गहू, म्हणजे त्याचा गोठा ओस पडत नाही. नवं दावं आपण घरून न्यायचं. मी तसंच केलं. नावेचा जुना दोर सोडला, त्याचं वेटोळं केलं आणि नारळ-गव्हासकट तिच्यापुढे धरलं.

"हाई काय, भाऊ?"

"आम्हनी रीत शे. दावं धन्याकडेच ऱ्हावाले पाहिजे."

"नाव म्हंजे बैल नही."

"नही कशी? पानीमाना बैलच शे तो."

ती जराशी हसली. हात शेणाने भरलेले, म्हणून तिने मनगटांनी लुगड्याचा ओचा पुढे धरला. मी त्यात दोर ठेवला, वर नारळ ठेवला, गहू ओतले. गव्हाचे दाणे दोराच्या पिळांत अडकले. ती ओच्यात बघत राहिली. मग हात न धुताच आत निघून गेली.

नाव बैलगाडीवर घालून आम्ही खळ्यात आणली. डागडुजीला कोरीटचा सुपडू सुतार बोलावला. तो गाड्या बनवणारा. नाव त्याने नुसती लांबून पाहिलेली.

"चाकं काढी टाकेल गाडी समजस मी हिले," तो म्हणाला. "फक्त बुडनी तर मन्हाकडे पैसा मांगाले येवानं नही."

"बुडनी तर येसू कसा रे?"

"मंग तर काहीच चिंता नही."

दोन फळ्या कुजल्या होत्या, त्या जागी त्याने साग बसवला. फटींत आम्ही आमच्याच शेतातला कापूस भरला, जवसाच्या तेलात आणि राळेत बुडवून, बोथट छिन्नीने ठोकून ठोकून. बुडाला बाहेरून डांबर फासलं. डोलकाठी सागाची, आणि तिचा बुंधा सुपडूने गाडीचं जू बसवतात तसा खुंटी मारून बसवला, कारण त्याला तेवढंच येत होतं. जुनं शीड उंदरांनी खाल्लेलं. शहाद्याहून मांजरपाट आणून शांतीबाईने, म्हणजे कोकिळाच्या आईने, नवं शीड शिवलं आणि बाभळीच्या सालीत उकळून रंगवलं. खळ्यात तेल, राळ आणि सालीचा असा वास भरून राहिला होता की बैल तिकडे तोंड करीनात.

वैशाख होता. खळ्यातली माती भाकरीच्या तव्यासारखी तापायची. नावेच्या सगळ्या फळ्या खडखडीत वाळल्या, फक्त मागच्या टोकाची, नावाडी बसतो ती फळी ओली राही. मधोमध, माणसाच्या बैठकीएवढी जागा. आम्ही ती पुसली, राखेने घासली, वर जळता पेंढा फिरवला. दुपारी सुकायची आणि सकाळी पुन्हा ओली.

"लाकूड पानी धरी ठेवस कधीकधी," सुपडू म्हणाला. त्याने ती फळी तासून काढली. खालचं लाकूडही ओलंच होतं. त्यानंतर तो त्या फळीवर बसायचं टाळू लागला.

ज्येष्ठ संपता संपता नदीला पाणी आलं. नारळ फोडून नाव सोडली. भोयांच्या घाटावरचा एक म्हातारा काही दिवस येऊन मला शीड धरायला शिकवून गेला. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, नदीच्या उलट वाहणारा, त्यामुळे शीड भरलं की नाव वर चढते आणि तिरकी धरली की पलीकडे जाते. मला ते जमलं. कोकिळाच्या काठाला नाव लावून मी तिच्या हातचा चहा पिऊन आलो. कित्येक महिन्यांत मला नीट झोप लागली नव्हती, ती त्या दिवशी लागली.

सकाळी नाव जागेवर नव्हती.

मला वाटलं वाहून गेली, म्हणून मी काठाकाठाने खाली शोधत गेलो. दुपारी भोयांच्या घाटावरून निरोप आला की तुमची नाव इथे आहे. घाट वर, प्रवाहाच्या उलट. शीड आणि डोलकाठी तर माझ्या ओसरीवर होती. मी तिकडे गेलो. नाव बाभळीखाली पाण्यात उभी होती, जुन्या खुंट्याजवळ, काहीही न बांधता. हलतसुद्धा नव्हती.

"कोन लई उनं हिले?" मी दगूबाईला विचारलं.

"कोनी नही. आपली आपलीच उनी." तिने माझ्याकडे न बघताच सांगितलं.

गावात हसण्याला ऊत आला. विकलेला बैल पहिल्या धन्याच्या गोठ्याकडे पळतो, तशी चुनीभाऊची, म्हणजे माझी, नाव पळते म्हणे. मलाही तेव्हा हसू आलं. कोणा टारगटांचं काम असेल असं मी धरून चाललो. मी जाड साखळी आणली, निंबाच्या बुंध्याला वेढा देऊन कुलूप घातलं, किल्ली करगोट्याला बांधली.

पुन्हा तेच. कुलूप लागलेलं, साखळी बुंध्याला आवळलेली, दुसऱ्या टोकाची कडी मिटलेली. नाव नाही.

मी घरी शांतीबाईला सगळं पहिल्यापासून सांगितलं. दोर, नारळ, गहू. ती लाटता लाटता थांबली.

"दोर तिना हातमा दिधा ना?"

"हात शेणना व्हतात. तिनी ओचा पुढे कया. मी त्यामा टाकं."

"नारळ बी? गहू बी?"

"हा."

"हाई काय करी बसनात तुम्ही!" तिने लाटणं खाली ठेवलं. "नवरा नही त्या बाईले, आन् तुम्ही तिनी वटी भरी उनात?"

मी ते तोवर असं पाहिलंच नव्हतं. मी बैलाचं दावं देत होतो. पण ओचा, नारळ, गहू. विधवेची ओटी कोणी भरत नाही. ती सवाष्णीची भरतात, जिचा नवरा आहे तिची.

"जा आन् तो दोर मांगी लया," ती म्हणाली. "आपली पोर त्या नाववर येवानी शे."

मी गेलो. दगूबाई भाकरी थापत होती. तिचे हात वर-खाली होत होते आणि त्यांतून किणकिण ऐकू येत होती. हातभर हिरव्या बांगड्या. मी मान खाली घातली आणि जमिनीकडे बघून बोललो.

"बाई, तो दोर माले परत पाहिजे व्हता."

"वटीमा टाकेल कोनी मांगी लेस का, भाऊ?"

चुलीपुढे दोन ताटं वाढलेली होती. एकात लसणीची चटणी, कांदा आणि भाकरीचा ढीग, राबलेल्या कष्टकरी माणसाला लागतो तसा.

"कोनी पाहुना शे का?"

"नही," ती म्हणाली. "पाहुना नही."

मी नाव घेऊन आलो. दुसरी नाव शोधायला वेळ नव्हता. पुन्हा पळाली की पुन्हा आणायची, राखीच्या दिवशी ती माझ्या हाताशी असली म्हणजे झालं, एवढाच हिशेब मी मनाशी केला.

पण राखीपर्यंत थांबावं लागलं नाही. त्याआधीच, ऐन झडीत, सकाळी पलीकडच्या धाब्यावर तांबडं लुगडं फडकलं. ही आमची ठरलेली खूण होती. कळा वेळेआधीच सुरू झाल्या होत्या.

नदी चिखलाच्या रंगाची झाली होती. झाडं मुळांसकट वाहत होती. सुपडू तेव्हा गावातच एका गाडीच्या कामाला आलेला, तो न बोलवता काठावर आला आणि नावेत चढला. शांतीबाई नावेत आधीच बसली होती.

"तू कथी चालनी?" मी म्हटलं.

"मागला साले मी बी आठेच उभी व्हतू," ती म्हणाली. मी नाव सोडली.

जाताना वाऱ्याने साथ दिली. शीड फुगलं, आम्ही तिरके कापत पलीकडे लागलो. जावयाने कोकिळाला पाठुंगळीवर आणून नावेत ठेवलं आणि अंथरुणावरच्या आईसाठी तो मागे थांबला. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. शांतीबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि आम्ही नाव वळवली.

नदीच्या मध्यावर आलो आणि वाऱ्याचा एक झोत असा आला की डोलकाठीच्या बुंध्याशी सुपडूची खुंटी कडकन मोडली. काठी, शीड, दोऱ्या सगळं एकदम पाण्यात गेलं. जाताना वल्हंही घेऊन गेलं.

नाव आडवी झाली आणि खाली वाहू लागली.

आमच्या मळ्याच्या खालच्या अंगाला नदीत खडकांची रांग आहे. पुरात तिथलं पाणी भाताच्या आधणासारखं उसळतं. आजवर तिथून काहीही धड बाहेर आलेलं मी पाहिलेलं नाही. तो आवाज आम्हाला ऐकू यायला लागला. सुपडू हातांनी पाणी मागे सारत होता आणि देवाला शिव्या घालत होता. शांतीबाई कोकिळाच्या कानात काहीतरी बोलत होती, हळू, एकसारखं.

मग नाव थांबली.

खडकावर आदळून नव्हे. दावं संपलं की बैल जसा थांबतो तशी. एक हिसका बसला आणि आम्ही वाहत्या पाण्यात जागीच उभे राहिलो. दोन्ही बाजूंनी पूर आम्हाला ओलांडून पुढे जात होता. एक अख्खा निंब आमच्या अंगाला घासून खाली गेला.

नावेचं तोंड हळूहळू वर वळलं. पूर्वेकडे.

मी बसलो होतो पुढे. नाव पुढून उचलली गेली होती, मागून खाली दबली होती. मागे कोणीच नव्हतं. आम्ही चौघंही पुढच्या अर्ध्यात होतो.

नाव चालू लागली.

पुराच्या उलट. घाई नव्हती. दिवसभर औत ओढलेला बैल घर जवळ आल्यावर चालतो तशी, एका लयीत. नाकाशी पाणी दोन्हीकडे फाटत होतं. सुपडूने हात पाण्यातून काढून घेतले आणि छातीशी धरले.



कोकिळाने डोळे उघडले. तिने आईच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"माय," ती म्हणाली, "त्या बाबाले पांघराले काहीतरी दे ना. बठ्ठा भिजी गया तो."

"कोन बाबा, माय?" शांतीबाईने विचारलं.

कोकिळाने पुन्हा कळ आल्याने डोळे मिटले. शांतीबाईने मान वळवली नाही. मीही नाही.

आमचा मळा उजवीकडून मागे गेला. वळण आलं. बाभूळ दिसली.

दगूबाई घाटावर गुडघाभर पाण्यात उभी होती. नाव तिच्याजवळ येऊन टेकली.

"उतरा," ती म्हणाली. "पानी तापाडी ठेवेल शे."

झोपडीच्या पुढच्या खोलीत बाज टाकलेली होती. चुलीवर हंडा उकळत होता. बाजेपलीकडच्या भिंतीत खुंटीला तो जुना दोर टांगलेला होता आणि त्याच्यातून पाणी गळत होतं. खाली सारवलेल्या जमिनीवर छोटंसं तळं झालं होतं. दोराच्या पिळांत अडकलेल्या गव्हांना बोटभर हिरवे कोंब फुटले होते.

पुरुषांना बाहेर काढण्यात आलं. सुपडू आणि मी पडवीत बसलो. पाऊस कमी होत गेला. डॉक्टर अजून दूर होता, रस्ता चिखलाचा होता, आणि सुइणीचे शब्द माझ्या कानात होते. आतून दगूबाईचा आवाज येई, "आखो एक डाव, मन्ही माय, आखो एक डाव," आणि बांगड्या वाजत.

दिवेलागणीच्या आत मूल रडलं.

असं रडलं की सुपडू दचकून उभाच राहिला. शांतीबाई दारात आली, तिचे केस सुटलेले, तोंड घामाने भिजलेलं. "पोर शे," ती म्हणाली. "दोन्ही चांगल्या शेतस." मी भिंतीला टेकून बसलो होतो तिथेच बसून राहिलो. मला रडू येत होतं की हसू, ते मलाच कळेना. वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. सुपडू माझ्या शेजारी बसला, नाक शिंकरलं आणि म्हणाला, "पाहं का, भाऊ? गाडी चांगलीच बनाडेल व्हती मी."

"खुंटी सोडीसन," मी म्हटलं. दोघंही डोळ्यांत पाणी येईतो हसलो.

त्या पोरीचं नाव रमिला ठेवलं. आज ती दोन मुलांची आई आहे. कोकिळाला पुढे आणखी दोन मुलं झाली, दोन्ही सुखरूप. पूल झाल्यावर तर तो सगळा प्रश्नच उरला नाही. ज्याने कोणी ते केलं त्याच्याबद्दल माझ्या मनात भीती नाही. होती ती त्या संध्याकाळी फिटली असं मी मानतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश उघडलं. पूर उतरला होता. नंदुरबारला जायला छपराची गाडी आली. कोकिळा, बाळ आणि शांतीबाई गाडीत बसल्या, सुपडूने पेंढा नीट केला. मी एकटाच दगूबाईचा निरोप घ्यायला परत आत गेलो.

पुढच्या खोलीत ती सारवत होती. मागच्या खोलीच्या दाराला तरटाचा पडदा लावलेला होता.

"बाई," मी मोठ्याने म्हटलं, कारण मन भरून आलं होतं, "नाव आते आठेच ऱ्हाऊ द्या. ती तुम्हनीच शे."

तिने मान हलवली. जणू ते केव्हाच ठरलेलं होतं. मग तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, भाऊ. भलता थकेल शे. आत्तेच डोया लागना."

मी आवाज खाली आणला. का आणला ते मला सांगता येणार नाही. मी कुजबुजत तिचे उपकार मानले, जोडलेले हात खाली घेतले आणि उंबऱ्याकडे वळलो.

पडद्याआड कोणीतरी खाकरलं. घरातला कर्ता माणूस, आपण जागे झालो आहोत हे बायकांना कळावं म्हणून, खाकरतो तसं.

दगूबाईने लगबगीने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.